प्रत्येकाच्या शेवटच्या दहा नोंदी: मायएसक्यूएलमध्ये रो नंबर घ्यावा की लॅटरल?

मायएसक्यूएल या डेटाबेसने ज्यांना कधी ना कधी १२३५ क्रमांकाची एरर दाखवली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'धिस व्हर्जन ऑफ मायएसक्यूएल डझन्ट येट सपोर्ट लिमिट अँड इन/ऑल/एनी/सम सबक्वेरी.' 'या यादीत असेल तर' अशी अट घालणाऱ्या इनच्या कंसात सबक्वेरी (क्वेरीच्या पोटातली क्वेरी) लिहायची, तिला लिमिट (किती ओळी हव्यात त्याची मर्यादा) लावायचं, आणि सर्व्हर हात वर करतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर काम केलेल्या माणसाला हे फार खटकतं, कारण तिथे तेच वाक्य निमूटपणे चालतं. मायएसक्यूएलमध्ये सबक्वेरी आल्या ४.१ मध्ये, २००४ साली. २०२४ मध्ये आलेल्या ८.४ मध्येही ही अट तशीच आहे. त्यामुळे पुढच्या आवृत्तीत सुटेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही, वाट आपली आपणच काढावी लागते.

वाटा पुष्कळ आहेत. चार वर्षांत त्यातल्या जवळजवळ सगळ्या मी चालून पाहिल्या. शेवटी निवड दोघांतच उरते असं माझं मत झालं आहे: रो नंबर हे विंडो फंक्शन (गटातल्या नोंदींना क्रमांक देणारं) आणि लॅटरल जॉइन (एकेका नावासाठी आतली क्वेरी वेगळी चालवणारा). माझा कल कुणाकडे आहे ते पुढे कळेलच, पण आधी काम काय होतं ते सांगतो. काम कळल्याशिवाय या दोघांची तुलना करण्यात हशील नाही.

काम

आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालतं. अकरा केंद्रं, प्रत्येक ठिकाणी शंभर ते दीडशे उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं. सगळ्या नोंदी एकाच टेबलात आहेत आणि चार वर्षांत त्या चाळीस लाखांच्या घरात गेल्या. सत्र सुरू व्हायच्या आधी केंद्राच्या कॉम्प्युटरवर एक यादी उतरते. उत्पादकाचं नाव आणि त्याच्यापुढे त्याच्या शेवटच्या दहा नोंदींची फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि लिटरची सरासरी. मधेच नेट गेलं तरी यादी हाताशी असते.

एखाद्याच्या म्हशीच्या दुधाला रोज ६.८ च्या आसपास फॅट लागतं आणि आज ५.१ आलं, की ती ओळ लाल होते. मग सचिव कॅन पुन्हा ढवळून दुसरा नमुना लावतात. बऱ्याचदा दुधात काही खोट नसते. साय वर तरंगत राहिलेली असते, नमुना खालून आलेला असतो, ढवळलं की आकडा जागेवर येतो. पण ती लाल ओळ रांगेतल्या सगळ्यांना दिसते. तिथे शेतकऱ्याची पत पणाला लागते, म्हणून ती यादी चुकता कामा नये असं मला मनापासून वाटतं.

एकाच उत्पादकाच्या दहा नोंदी हव्या असत्या तर प्रश्नच नव्हता. वेअरमध्ये (अटीच्या कलमात) त्याचा क्रमांक, तारखेने उलटा क्रम, खाली लिमिट १०. अडचण सगळी 'प्रत्येकाच्या' या एका शब्दात आहे.

नुसतं गुंडाळून भागतं का?

१२३५ वर सगळ्यात आधी सुचवला जातो तो उपाय म्हणजे लिमिटवाल्या सबक्वेरीभोवती आणखी एक सिलेक्ट गुंडाळणं. इनच्या कंसात थेट लिमिट नको, तर 'सिलेक्ट आयडी फ्रॉम' आणि त्याच्या कंसात मूळ लिमिटवाली क्वेरी, तिला एक टोपणनाव. आतला भाग डिराइव्ह्ड टेबल (क्वेरीतूनच बनलेलं तात्पुरतं टेबल) होतो, लिमिट त्याच्या पोटात जातं आणि सर्व्हरची तक्रार मिटते. एवढ्यावर ज्यांचं काम भागतं त्यांनी पुढे वाचायची गरज नाही, खरंच. उदाहरणार्थ, लॉगच्या टेबलात शेवटच्या हजार ओळी ठेवून बाकीच्या उडवायच्या आहेत. डिलीटला स्वतःचं लिमिट लावता येतं, पण त्यात 'पहिल्या हजार सोडून' असं सांगायची सोय नाही. तिथे गुंडाळलेली सबक्वेरी चपखल बसते. शिवाय 'ज्या टेबलातून उडवतोय त्यातूनच वाचता येणार नाही' ही १०९३ क्रमांकाची एररही त्याच फटक्यात टळते. ५.७ पासून ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा सर्व्हरचा भाग) साधी डिराइव्ह्ड टेबलं बाहेरच्या क्वेरीत विरघळवून टाकतो आणि मग १०९३ पुन्हा वर येते. पण आत लिमिट असलं की तो तसं करत नाही, तात्पुरतं टेबल वेगळं तयार करतो. म्हणजे ज्या लिमिटमुळे अडलो होतो, तेच इथे उपयोगी पडतं.

'प्रत्येकाच्या' म्हटलं की मात्र हे गणित फिसकटतं. आतल्या क्वेरीला बाहेरचा उत्पादक ओळखता आला पाहिजे. ५.७ मध्ये डिराइव्ह्ड टेबलाला बाहेरचं काही दिसतच नाही, १०५४ येते: असा कॉलम नाही. मी सुरुवातीला इथेच घसरलो. एरर घालवायच्या नादात आतली उत्पादकाची अट काढून टाकली. क्वेरी चालली, एरर गेली, आणि लिमिट १० लागू झालं सगळ्या टेबलाला मिळून. एकशेवीस उत्पादकांच्या यादीत दहाच नोंदी. टेस्टच्या डेटाबेसमध्ये तीनच उत्पादक होते, प्रत्येकाच्या नावापुढे दोन-चार नोंदी दिसत होत्या, म्हणून ते माझ्या नजरेतून सुटलं. एरर देणारी क्वेरी परवडली, पण गपगुमान चुकीचं उत्तर देणारी नको. गुंडाळण्याच्या उपायाबद्दल माझं मन तेव्हापासून साशंक आहे.

८.०.१४ पासून सबक्वेरीच्या आतल्या डिराइव्ह्ड टेबलाला बाहेरचे कॉलम दिसतात, त्यामुळे आता अट काढायची गरज नाही. पण तशी क्वेरी लिहून पाहा. बाहेर संकलनाचं टेबल असेल तर आतला भाग बाहेरच्या एकेका नोंदीसाठी पुन्हा चालतो. चाळीस लाख नोंदींना चाळीस लाख वेळा 'या उत्पादकाच्या शेवटच्या दहांत तू आहेस का' असं विचारत बसायचं. मी ती मधेच थांबवली.

बाकीच्या वाटांबद्दल थोडक्यात सांगतो. यूजर व्हेरिएबल वापरून नंबर मोजत जाण्याची जुनी युक्ती आता सोडाच. एकाच सिलेक्टमध्ये व्हेरिएबल आधी बदलेल की आधी वाचलं जाईल याची हमी मायएसक्यूएलने कधीच दिली नव्हती, आणि ८.०.१३ पासून ती पद्धत निवृत्तीच्या यादीत आहे. ग्रुप कॉन्कॅट या फंक्शनने आयडींची माळ करून तिचे पहिले दहा मणी घ्यायचे हीही एक युक्ती आहे. मायएसक्यूएलमध्ये ती माळ डीफॉल्टने १०२४ बाइटला तुटते. दहापुरतं चालून जातं, पण दोनशे हवे असले की तुटलेली माळ हातात येते आणि वॉर्निंग कुणी वाचत नाही. पीएचपी किंवा पायथनमधून प्रत्येक उत्पादकामागे एक छोटी क्वेरी मारणं लोक कमी लेखतात. डेटाबेस त्याच मशिनवर असेल आणि इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधायची सोय) असेल, तर शंभर-सव्वाशे क्वेरी भुर्रकन होतात. आम्ही वर्षभर तसंच चालवलं. डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर नेला आणि प्रत्येक फेरीला नेटवर्कचा वेळ लागू लागला, तेव्हा ते सोडलं.

रो नंबर

मायएसक्यूएल ८.० आलं २०१८ च्या एप्रिलमध्ये आणि सोबत विंडो फंक्शनं आली. मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेल्या मारियाडीबीमध्ये ती १०.२ पासूनच होती. उत्पादकावर पार्टिशन करायचं (म्हणजे उत्पादकवार गट पाडायचे), तारखेने उलटं लावायचं, प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यायचा आणि बाहेरून 'क्रमांक दहा किंवा कमी' अशी अट घालायची. वाचायला स्वच्छ. नवीन माणसाला दाखवलं तर पाच मिनिटांत समजतं. पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, सगळीकडे जवळजवळ हीच क्वेरी चालते. ज्यांना उद्या डेटाबेस बदलावा लागू शकतो त्यांच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू आहे.

दुसरी जमेची बाजू फ्रेमवर्कवाल्यांसाठी. पायथनच्या जँगोमध्ये ४.२ पासून प्रीफेच केलेल्या (आधीच एकदम आणून ठेवलेल्या) क्वेरीसेटचा ठरावीक नोंदींचा तुकडा घेता येतो. पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये ११ पासून ईगर लोडिंगला (जोडलेल्या नोंदी आधीच एकदम आणण्याला) प्रत्येक पालक नोंदीमागे लिमिट लागतं, त्याआधी ते सगळ्यांना मिळून एकच लागायचं, अगदी माझ्या वरच्या चुकीसारखं. दोघंही आतून रो नंबरच वापरतात. हाताने एसक्यूएल लिहायची सवय किंवा इच्छा नसेल, तर निवड तिथेच झाली म्हणायला हरकत नाही.

एक छोटी किरकिर आहे. विंडो फंक्शन वेअरमध्ये लिहिता येत नाही, कारण वेअर आधी चालतं आणि क्रमांक नंतर पडतात. म्हणून बाहेर आणखी एक सिलेक्ट लागतोच. स्नोफ्लेक किंवा बिगक्वेरी या डेटाबेसांत त्यासाठी क्वालिफाय हे कलम आहे, मायएसक्यूएलमध्ये नाही. पण ही किरकिर सहन करण्यासारखी आहे. मी दीड वर्ष केली.

निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून.

रो नंबरला 'शेवटचे दहा' माहीत नसतात. तो सगळ्यांना क्रमांक देतो, दहाची अट आपण नंतर लावतो. एका केंद्राचे एकशेवीस उत्पादक, दररोज दोन नोंदी, चार वर्षं. म्हणजे साधारण साडेतीन लाख नोंदी वाचायच्या, लावायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि त्यातल्या बाराशे ठेवून बाकीच्या टाकून द्यायच्या. एरवी याचं काही वाटलं नसतं. पण दूध केंद्रं सगळी एकाच वेळी उघडतात. सहाच्या सुमाराला अकराच्या अकरा ठिकाणांहून यादीची मागणी येते, तेव्हा आमचा बेताचा सर्व्हर दमतो. सचिवांचे फोन यायचे: 'सर, नुसतं गोल फिरतंय. बाहेर रांग लागलीये.'

त्यावर जो उपाय कुणीही करेल तोच मी केला. आतल्या सिलेक्टमध्ये तारखेची अट घातली: गेल्या तीस दिवसांतल्याच नोंदी. रोज दोनदा दूध घालणाऱ्या माणसाच्या शेवटच्या दहा नोंदी पाच-सहा दिवसांत येतात, तीस दिवस म्हणजे भरपूर झाले, असा माझा हिशोब. यादी झटक्यात यायला लागली, फोन थांबले.

दोनेक महिन्यांनी एका केंद्रावर सकाळी मी स्वतः हजर होतो, वजनकाट्याची केबल बदलायला. रांगेत एक वयस्कर गृहस्थ होते, सचिव त्यांना तात्या म्हणत होते. त्यांची एकच म्हैस. ती आटली होती, मग व्याली, चीक संपला आणि त्या दिवशी ते पुन्हा पहिल्यांदा दूध घालायला आले होते. सचिवांनी क्रमांक टाकला आणि स्क्रीनवर पिवळ्या पट्टीत आलं: 'नवीन उत्पादक. सचिवांची मंजुरी आवश्यक.' तात्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, 'नवीन? अरे, हे केंद्र निघालं तवापासून मी दूध घालतोय हितं.'

सचिवांनी हसून वेळ मारून नेली. मला मात्र फार लागलं. प्रोग्रॅमच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं: तीस दिवसांत नोंद नाही, म्हणजे यादीत ओळ नाही, म्हणजे नवीन. म्हैस दोन-तीन महिने भाकड राहते हे दुधाच्या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. मलाही ते माहीत होतं. पण तीस दिवसांचा आकडा टाकताना माझ्या डोळ्यांपुढे सर्व्हर होता, गोठा नव्हता.

मग तीसचे शंभर दिवस करून पाहिले. यादी पुन्हा मंदावली, आणि एखादी म्हैस उशिरा गाभण राहिली तर शंभरही पुरत नाहीत. नोंदींची मर्यादा आणि काळाची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला पाहिजे होत्या शेवटच्या दहा नोंदी, मग त्या कालच्या असोत की चैत्रातल्या. रो नंबर वेगात चालवायचा तर काळाची मर्यादा घालावी लागते आणि ती घातली की कुठला ना कुठला उत्पादक गळतो. ही एकच गोष्ट मला इतकी बोचली की मी दुसरीकडे पाहायला लागलो.

लॅटरल

लॅटरल मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून आहे, जानेवारी २०१९. एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात तो शब्द होता. पोस्टग्रेसने २०१३ मध्ये ९.३ मध्ये घेतला आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये हेच काम क्रॉस अप्लाय आणि आउटर अप्लाय २००५ पासून करतात. कल्पना साधी आहे. फ्रॉममधल्या डिराइव्ह्ड टेबलाला त्याच्या आधी आलेल्या टेबलाचे कॉलम पाहायची मुभा द्यायची. म्हणजे आधी उत्पादकांची यादी, आणि तिच्यातल्या एकेका नावासाठी आतली छोटी क्वेरी, तिचं स्वतःचं ऑर्डर बाय, तिचं स्वतःचं लिमिट १०. मूळ मनात जे होतं, जे इनमध्ये लिहायला गेलो आणि १२३५ आली, तेच हे. फक्त जागा बदलली, वेअरमधून फ्रॉममध्ये.

आमची क्वेरी साधारण अशी: 'फ्रॉम उत्पादक उ लेफ्ट जॉइन लॅटरल (सिलेक्ट फॅट, एसएनएफ, लिटर, तारीख फ्रॉम संकलन स वेअर स.उत्पादक = उ.आयडी ऑर्डर बाय स.तारीख डिसेंडिंग, स.आयडी डिसेंडिंग लिमिट १०) श ऑन ट्रू वेअर उ.केंद्र = अमुक.' बाहेर उत्पादकावर ग्रुप बाय आणि सरासरी.

यातलं 'लेफ्ट' आणि 'ऑन ट्रू' गाळू नका. नुसता स्वल्पविराम देऊन लॅटरल लिहिलं तर ज्याची एकही नोंद नाही तो उत्पादक यादीतून नाहीसा होतो, आणि मग खरोखरीचा नवीन माणूस आणि चुकीचा क्रमांक यात फरक करता येत नाही. लेफ्ट असलं की तो रिकाम्या सरासरीसह राहतो. आता 'नवीन' म्हणजे खरंच नवीन.

संकलनाच्या टेबलावर उत्पादक आणि तारीख असा जोड इंडेक्स पाहिजे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनात दुय्यम इंडेक्सच्या शेपटाला प्रायमरी की (टेबलाची मुख्य ओळख, इथे आयडी) आपोआप जोडलेली असते, त्यामुळे आयडीसाठी वेगळं काही करावं लागत नाही. सर्व्हर त्या इंडेक्सवर उत्पादकाच्या शेवटच्या नोंदीवर उतरतो, दहा पावलं मागे येतो आणि थांबतो. ती दहा पावलं दहा दिवसांतली आहेत की दहा महिन्यांतली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एकशेवीस उत्पादकांसाठी बाराशे नोंदी वाचल्या जातात, साडेतीन लाख नाही. मी घड्याळ लावून मोजमाप केलेलं नाही. सचिवांचे फोन थांबले आणि या वेळी तारखेची अट न घालता थांबले, माझ्यासाठी तेवढा पुरावा पुरे आहे.

एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल त्याचा सर्व्हरने दिलेला आराखडा) काढून बघाल तर आतल्या भागापुढे 'डिपेंडंट डिराइव्ह्ड' आणि बाहेरच्या टेबलापुढे 'रीमटेरिअलाइझ' असे शब्द दिसतील. पहिल्यांदा पाहिल्यावर पोटात गोळा येतो, कारण 'डिपेंडंट' म्हणजे संथ अशीच आपली समजूत असते. इथे घाबरू नका, दहा ओळींचं तात्पुरतं टेबल एकशेवीस वेळा भरलं जातंय एवढाच त्याचा अर्थ. मात्र आतल्या क्वेरीच्या ओळीत तुमच्या इंडेक्सचं नाव आहे ना, हे नक्की बघा. इंडेक्स नसेल तर प्रत्येक उत्पादकासाठी अख्खं टेबल चाळलं जाईल. मग रो नंबर कितीतरी बरा, तो निदान एकदाच वाचतो.

क्रमाबद्दल एक गोष्ट, ती दोघांनाही लागू आहे. नुसत्या तारखेने लावू नका. आमच्याकडे एका तारखेला सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी, आणि गाय-म्हैस दोन्ही असतील तर चार. दहावी आणि अकरावी नोंद एकाच तारखेची असली, की आत कोण आणि बाहेर कोण हे सर्व्हर त्याच्या सोयीने ठरवतो. आज एक, उद्या दुसरी. यादी दोनदा काढली आणि सरासरीत ०.१ चा फरक आला, म्हणून एकदा मी दुपारभर गणितातली चूक शोधत होतो. शेवटी आयडी जोडला आणि फरक गेला. रो नंबरऐवजी रँक (बरोबरीच्या नोंदींना एकच क्रमांक देणारं फंक्शन) वापरला तर बरोबरीच्या सगळ्या नोंदी आत येतात, कधी दहा, कधी तेरा. काही कामांत तेच हवं असतं आणि ते लॅटरलमध्ये सहज होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग कुणी काय घ्यावं?

गट फार आणि प्रत्येक गटात नोंदी थोड्या असतील, समजा लाखभर ग्राहक आणि प्रत्येकाची पाच-सात बिलं, तर रो नंबर घ्या. टाकून द्यायला फारसं काही नसतंच, आणि लाखभर वेळा आत-बाहेर करण्यापेक्षा एकदा सगळं वाचून काढणं स्वस्त पडतं. महिनाअखेरच्या अहवालालाही रो नंबरच शोभतो, तिथे दोन-चार सेकंदांनी बिघडत नाही. फ्रेमवर्क बांधून देतंय ते चालत असेल तर तेही मोडू नका.

पण गट मोजके असतील, प्रत्येकाचा इतिहास लांबलचक असेल आणि त्यातलं शेवटचं थोडंसंच हवं असेल, तर मी लॅटरलच सुचवेन. मीटरची वाचनं, बँकेच्या खात्यांवरचे व्यवहार, बसचं शेवटचं ठिकाण, दूध: हे सगळं त्याच घाटाचं आहे. दिवसेंदिवस इतिहास वाढतच जातो. रो नंबरला त्या वाढीची किंमत दर वर्षी थोडी जास्त मोजावी लागते. लॅटरलला ती जवळपास जाणवत नाही. तुमच्या डेटाचा आकार वेगळा असेल तर अनुभवही वेगळा येऊ शकेल, ते मान्य आहे.

अजून ५.७ वर अडकलेल्यांना या दोन्हींचा उपयोग नाही. त्या आवृत्तीचा पाठिंबा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपला, पण स्वस्त होस्टिंगवर ती अजून भेटते. आमचं एक केंद्र तसंच होतं, तिथे मी हे केलं: १२३५ ची अट फक्त इन, ऑल, एनी आणि सम यांना आहे. एकच किंमत परत देणाऱ्या सबक्वेरीला लिमिट चालतं आणि बाहेरचा उत्पादकही दिसतो. म्हणून प्रत्येक उत्पादकाची मागून दहावी नोंद तेवढी विचारायची, लिमिट १ ऑफसेट ९, आणि तिच्या आयडीपासून पुढच्या नोंदी जोडायच्या. आयडी नोंदीच्या क्रमानेच वाढत असेल तरच हे बरोबर येतं, मागाहून जुन्या पावत्या भरायची पद्धत असेल तर नाही. आणि दहापेक्षा कमी नोंदी असलेल्याला तिथे नल (रिकामी किंमत) मिळतो, म्हणून कोअलेस या फंक्शनने त्याच्या जागी शून्य द्यायला विसरू नका, नाहीतर तोही गळेल.

लॅटरल लावल्यानंतर तात्यांची ओळ मी मुद्दाम काढून पाहिली. तीन महिन्यांपूर्वीच्या दहा नोंदी तिथे होत्या, लिटर उतरत गेलेलं, शेवटची नोंद अर्ध्या लिटरची, आणि फॅट मात्र चढलेलं. म्हैस आटत आली की दूध घट्ट होतं. म्हणजे ताज्या व्यालेल्या म्हशीचं पातळ दूध या सरासरीपुढे ठेवलं असतं तर तात्यांची ओळ विनाकारण लाल झाली असती. क्वेरीने बरोबर तेच दिलं होतं जे मी मागितलं होतं. आता यादीत सरासरीच्या बाजूला शेवटच्या नोंदीची तारीखही येते. लॅटरलच्या आत तारीख आधीच होती, तिचा मॅक्स घेतला की झालं. ती तारीख महिन्याहून जुनी असेल तर ओळ लाल होत नाही, नुसती 'व्याली?' अशी खूण येते. सचिव विचारतात, तात्या सांगतात आणि रांग पुढे सरकते.